सागरी जीवाणूंची बेताची शिदोरी

उत्क्रांती हा शब्द उच्चारताच बहुतेकांच्या मनापुढे एक जिना उभा राहतो. सर्वांत खालच्या पायरीवर एकपेशीय जीव, त्यांच्यावर मासे, मग बेडूक, सरपटणारे प्राणी, पक्षी व सस्तन प्राणी, आणि अगदी वरच्या पायरीवर माणूस! वर्गातील भिंतीवर टांगलेल्या तक्त्यांनी ही समजूत अधिकच दृढ केली आहे. अशा चित्रातून विद्यार्थी नकळत दोन गोष्टी शिकतो. उत्क्रांती म्हणजे साध्याकडून गुंतागुंतीकडे जाणे, ही एक. आणि जे खालच्या पायरीवर राहिले ते मागे पडले, ही दुसरी. ह्या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. एकदा मनात रुजल्या की पुढील शिक्षणात त्या उपटून काढणे कठीण जाते.

ह्या समजुतींना सर्वांत स्पष्ट उत्तर मिळाले आहे ते समुद्राच्या पाण्यातून. सूक्ष्मदर्शकाखालीही जेमतेम दिसणारे काही सागरी जीवाणू आपल्या अनुवंशिक ठेव्यातील एकेक वस्तू टाकून देत गेले, आणि असे टाकता टाकताच पृथ्वीवरील सर्वांत बहुसंख्य जीवांच्या पंक्तीत जाऊन बसले. हे कसे घडले, त्याने त्यांचा कोणता लाभ झाला आणि त्या लाभाची किंमत त्यांना कशी मोजावी लागते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निळ्या पाण्याचे दारिद्र्य

कोकणच्या किनाऱ्यावरून दिसणारे समुद्राचे पाणी बहुधा हिरवट किंवा गढूळ असते. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात गेल्यावर तेच पाणी गडद निळे दिसू लागते. हा निळा रंग डोळ्यांना सुखावणारा असला, तरी जीवसृष्टीच्या दृष्टीने तो दारिद्र्याचे लक्षण आहे. किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांनी वाहून आणलेली व तळातून वर आलेली पोषकद्रव्ये असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात व पाण्याला हिरवट छटा येते. खुल्या समुद्राच्या वरच्या थरात नत्र, स्फुरद व लोह ही द्रव्ये इतक्या अल्प प्रमाणात असतात की, तेथे मोठ्या पेशींना तग धरणे अवघड होते. शेतीच्या भाषेत बोलावयाचे, तर पाणी व ऊन यांची तेथे मुबलकता आहे. परंतु खत नाही.

ह्यात आणखी एक अडचण आहे. सूर्यप्रकाश समुद्रात फार तर दोनशे मीटर खोलीपर्यंत उपयोगी पडतो, आणि पोषकद्रव्ये मात्र खालच्या अंधाऱ्या पाण्यात अधिक असतात. म्हणजे जेथे ऊन आहे तेथे अन्न नाही, आणि जेथे अन्न आहे तेथे ऊन नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा फार मोठा भाग अशा निळ्या, निर्धन पाण्याने व्यापलेला आहे. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात कोण राहते, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ सुटला नव्हता.

एका सूक्ष्म जीवाचा शोध

१९८५ च्या सुमारास अमेरिकेतील काही संशोधकांनी फ्लो सायटोमीटर नावाचे यंत्र जहाजावर नेले. ह्या यंत्रात पाण्याची अतिशय बारीक धार सोडतात व तिच्यावर लेसर किरण पाडतात. धारेतून एकेक पेशी पुढे सरकते, आणि तिच्यात हरितद्रव्य असल्यास ती तांबूस प्रकाश परत फेकते. सॅली चिझम, रॉबर्ट ओल्सन व त्यांचे सहकारी ह्या यंत्राने समुद्राचे पाणी तपासत असता त्यांना अत्यंत मंद अशा तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका दिसू लागला. प्रथम तो यंत्रातीलच काही विजेचा दोष असावा असे वाटले. परंतु खोलीप्रमाणे ह्या ठिपक्यांचे तेज नियमितपणे बदलत होते, आणि दोष असा नियमाने वागत नाही. १९८८ साली ह्या नव्या जीवाची माहिती ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली व पुढे १९९२ साली त्याला ‘प्रोक्लोरोकॉकस’ हे नाव मिळाले.

हा जीवाणू वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करतो. त्याच्या पेशीचा व्यास सुमारे ०.६ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटर लांबीच्या रेषेत अशा सोळाशेहून अधिक पेशी ओळीने मावतील. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या ज्ञात जीवांत इतका लहान दुसरा नाही. उत्तरेस व दक्षिणेस सुमारे चाळिसाव्या अक्षांशापर्यंतच्या उबदार समुद्रात तो पसरला आहे. अनुकूल ठिकाणी एका घन सेंटिमीटर पाण्यात त्याच्या एक लाखाहून अधिक पेशी सापडतात. सर्व समुद्रांतील त्याच्या पेशींची संख्या एकावर सत्तावीस शून्ये मांडल्यावर येणाऱ्या संख्येच्या घरात जाते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार हा इवलासा जीव दरवर्षी सुमारे चार अब्ज टन कार्बन अन्नाच्या रूपाने बांधतो. १९८५ च्या सुमारास शोध लागेपर्यंत माणसाला त्याच्या अस्तित्वाची कल्पनाही नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागून असलेला अरबी समुद्रही ह्याला अपवाद नाही. १९९५ च्या सुमारास तेथे झालेल्या जलपर्यटनांत असे आढळले की, किनाऱ्यापासून दूरच्या निर्धन पाण्यात प्रोक्लोरोकॉकस विपुल असतो. परंतु नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ तळातील थंड व पोषक पाणी वर येऊ लागले, की तेथे मोठ्या पेशींच्या वनस्पतींची सरशी होते. सुबत्ता आली की हा जीव मागे सरतो, आणि दारिद्र्य आले की पुन्हा पुढे येतो.

अनुवंशिक ठेवा म्हणजे काय

प्रत्येक सजीव पेशीत डी. एन. ए. नावाच्या द्रव्याचे लांबच लांब धागे असतात. त्यांवर अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन अशा चार घटकांच्या जोड्या एका विशिष्ट क्रमाने मांडलेल्या असतात. ह्या घटकांना चार अक्षरे म्हटले, तर त्या अक्षरांतून पेशीच्या सर्व कामांच्या सूचना लिहिलेल्या आहेत असे म्हणता येईल. एका कामाची सूचना ज्या तुकड्यात असते त्याला जनुक म्हणतात. आणि एका जीवाजवळील सर्व अक्षरांचा मिळून जो ठेवा होतो, तो त्याचा जनुकसंच.

माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या इ. कोलाय ह्या परिचित जीवाणूच्या जनुकसंचात सुमारे सेहेचाळीस लाख अक्षरे व चार हजारांहून अधिक जनुके आहेत. २००३ साली प्रोक्लोरोकॉकसच्या काही वाणांचे जनुकसंच प्रथमच संपूर्ण वाचण्यात आले. त्यांपैकी भूमध्य समुद्राच्या पृष्ठभागाजवळून मिळालेल्या ‘मेड-४’ ह्या वाणात केवळ १६,५७,९९० अक्षरे व सुमारे सतराशे जनुके निघाली. सूर्यप्रकाश, पाणी, हवा व थोडे क्षार एवढ्या सामग्रीवर संपूर्ण जीवन उभारण्यास एवढ्या सूचना पुरतात, असा त्याचा अर्थ झाला.

त्याहूनही आश्चर्यकारक उदाहरण २००५ साली पुढे आले. सारगासो समुद्रातील पाण्याच्या तपासणीतून १९९० साली स्टीफन जोव्हानोनी व त्यांच्या सहकाऱ्यांना जीवाणूंच्या एका अज्ञात गटाचा सुगावा लागला होता. ह्या गटाला ‘सार-११’ असे नाव पडले. प्रयोगशाळेतील नेहमीच्या सकस रसात तो वाढेना. अखेर २००२ साली साध्या समुद्राच्याच पाण्यात तो वाढविण्यात यश आले. ह्या गटातील ‘पेलॅजिबॅक्टर युबीक’ ह्या जीवाणूच्या जनुकसंचात १३,०८,७५९ अक्षरे व १,३५४ जनुके आढळली. स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवात इतका लहान जनुकसंच तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता. दोन जनुकांमध्ये जी मोकळी जागा सामान्यतः असते, तीही येथे बहुधा दोन-चार अक्षरांचीच होती. निकामी झालेली जनुके नाहीत, एकाच जनुकाच्या अनेक प्रती नाहीत, बाहेरून घुसून बसलेले तुकडे नाहीत. जणू प्रत्येक शब्दाचे मोल मोजून लिहिलेली तार! आणि हा सार-११ गट संख्येने प्रोक्लोरोकॉकसच्याही पुढे आहे.

वरच्या थरातील भाऊ व खालच्या थरातील भाऊ

हे जीवाणू प्रारंभापासूनच असे अल्पसंतुष्ट होते काय? तसे नाही. त्यांच्या नातलगांशी तुलना केली असता असे दिसून येते की, त्यांच्या पूर्वजांजवळ मोठा ठेवा होता व तो पुढे कमी होत गेला.

२००३ साली मेड-४ बरोबरच ‘एम. आय. टी.-९३१३’ हा दुसरा वाणही वाचण्यात आला. तो गल्फ स्ट्रीम ह्या सागरी प्रवाहातून, १३५ मीटर खोलीवरून मिळाला होता. त्याच्याजवळ २४,१०,८७३ अक्षरे व सुमारे २,२७५ जनुके आहेत. जीवाणूंची नाती ठरविण्यासाठी ज्या एका जनुकाची तुलना करतात, त्यात ह्या दोघांमध्ये शेकडा तीनपेक्षाही कमी फरक आहे; म्हणजे ते सख्खे भाऊच म्हणावयाचे. तरीही दोघांना समान अशी जनुके सुमारे १,३५० च आहेत. वरच्या थरातील भावाजवळ त्यांशिवाय सुमारे ३६० जनुके आहेत, तर खालच्या थरातील भावाजवळ सुमारे ९२०.

हा फरक त्यांच्या राहण्याच्या जागेशी मिळताजुळता आहे. पृष्ठभागाजवळ प्रखर ऊन असते. तेथील मेड-४ जवळ उन्हाच्या माऱ्यापासून बचाव करणाऱ्या प्रथिनांची जनुके दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक आहेत. खालच्या थरात उजेड मंद असतो. म्हणून तेथील वाणांत प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनांची जनुके अधिक आहेत. खालच्या थरात नायट्राइटच्या रूपाने नत्र उपलब्ध असते. त्याचा उपयोग करण्याचे जनुक एम. आय. टी.-९३१३ ने राखले आहे. वरच्या थरात ते निरुपयोगी असल्यामुळे मेड-४ ने गमावले आहे. एकच कुळ, परंतु शंभर-सव्वाशे मीटरच्या अंतराने दोन वेगळे संसार झाले.

लहानपणाचा लाभ

अन्न विरळ असलेल्या पाण्यात पेशीला पोषकद्रव्ये मिळतात ती तिच्या पृष्ठभागातून. आणि ती लागतात तिच्या आतील घनफळाला. पेशी जितकी लहान, तितका तिच्या घनफळाच्या मानाने पृष्ठभाग अधिक. म्हणून निर्धन पाण्यात लहान पेशीच अधिक कार्यक्षम ठरते. परंतु पेशी लहान करावयाची, तर तिच्यात कोंबलेला डी. एन. ए. चा धागाही आखूड असावा लागतो.

दुसरे असे की, डी. एन. ए. हे द्रव्य स्वतःच महाग आहे. त्यात नत्र व स्फुरद भरपूर असतात, आणि समुद्रात टंचाई आहे ती नेमकी ह्याच द्रव्यांची. निरुपयोगी जनुक बाळगणे म्हणजे दर पिढीला त्याची नवी प्रत करण्यासाठी दुर्मिळ द्रव्य खर्च करणे होय. काटकसर ह्याहूनही खोल गेलेली दिसते. अ‍ॅडेनिन व थायमिन यांच्या जोडीत नत्राचे सात अणू असतात, ग्वानिन व सायटोसिन यांच्या जोडीत आठ. पेलॅजिबॅक्टर व मेड-४ यांच्या जनुकसंचांत ह्या दुसऱ्या जोडीचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपासच आहे, एम. आय. टी.-९३१३ मध्ये ते शेकडा पन्नासच्या जवळ आहे. ह्याचे कारण नत्राची बचत असावी, असे काही शास्त्रज्ञ मानतात. डी. एन. ए. ची दुरुस्ती करणारी काही जनुके गमावल्यामुळे अक्षरांतील चुका एकाच दिशेने साचत गेल्या, असे दुसरे स्पष्टीकरणही दिले जाते. दोन्ही कारणे एकाच वेळी कार्य करीत असणेही शक्य आहे.

स्फुरदाच्या बाबतीत तर २००६ साली एक सुंदर गोष्ट उघडकीस आली. बहुतेक पेशींचे आवरण स्फुरदयुक्त स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते. प्रोक्लोरोकॉकसने त्यांच्या जागी मुख्यतः गंधकयुक्त स्निग्ध पदार्थ वापरले आहेत. समुद्राच्या पाण्यात गंधक वाटेल तेवढे आहे. जे दुर्मिळ ते राखून ठेवावे व जे मुबलक त्यावर भागवावे, हा गृहिणीचा नेमच येथे पेशीच्या भिंतीत उतरला आहे.

हे घडते कसे

येथे शिक्षकांनी भाषेच्या बाबतीत सावध राहणे इष्ट आहे. ‘जीवाणूने जनुके टाकून दिली’ असे सोयीसाठी म्हटले जाते. परंतु जीवाणू काही ठरवत नाही व त्याला कोणताही हेतू नसतो. पेशीचे विभाजन होताना डी. एन. ए. ची प्रत काढली जाते, आणि त्या नकलेत अधूनमधून चुका होतात. कधी एखादे अक्षर बदलते, कधी एखादा तुकडाच गळतो. गळालेला तुकडा आवश्यक असेल, तर ती पेशी मरते व तिचा वंश तेथेच संपतो. तो तुकडा निरुपयोगी असेल, तर त्या पेशीचा खर्च किंचित कमी होतो व ती इतरांपेक्षा थोडीशी अधिक वाढते. हा लाभ एका पिढीत नगण्य असतो. परंतु प्रोक्लोरोकॉकससारख्या जीवाची एक पिढी अनुकूल स्थितीत सुमारे एका दिवसाची असते, आणि त्याची लोकसंख्या कल्पनेपलीकडची आहे. एवढ्या मोठ्या संख्येत अतिशय लहान लाभही वाया जात नाही. नैसर्गिक निवड तो अचूक टिपते.

जनुकसंच लहान होण्याची ही एकच वाट नाही, हेही सांगावयास हवे. पिकांवर पडणारा मावा शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्याच्या शरीरात ‘बुखनेरा’ नावाचा जीवाणू राहतो. २००० साली वाचल्या गेलेल्या त्याच्या जनुकसंचात केवळ साडेसहा लाखांच्या आसपास अक्षरे निघाली. पण तेथील कथा निराळी आहे. माव्याच्या मादीकडून पिलांकडे थोडेच जीवाणू जातात. लोकसंख्या एवढी लहान असली की, नैसर्गिक निवडीची पकड ढिली पडते व उपयुक्त जनुकेही केवळ योगायोगाने गमावली जातात. घरात बसून मालमत्ता झिजत जाणे वेगळे, आणि लांबच्या वाटेसाठी ओझे हलके करणे वेगळे. परिणाम वरवर सारखा दिसला, तरी त्यामागील कारण शोधल्याखेरीज शास्त्राचे समाधान होत नाही.

शेजाऱ्यांवरील भिस्त

आता ह्या काटकसरीची किंमत पाहू. ऊन पडलेल्या समुद्राच्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड हे दाहक द्रव्य सतत तयार होत असते. ते पेशीला घातक असते. अनेक जीवाणू कॅटालेज नावाच्या विकराने त्याचे पाणी व प्राणवायू यांत रूपांतर करतात. ह्या विकराला लोह लागते, आणि लोह समुद्रात अत्यंत दुर्मिळ आहे. उन्हात राहणाऱ्या प्रोक्लोरोकॉकसजवळ हे विकर असायलाच हवे, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात त्याच्याजवळ त्याचे जनुकच नाही!

तो जगतो कसा, ह्याचे उत्तर त्याच्या शेजारी सापडते. पेरॉक्साइड पेशीच्या आवरणातून सहज आरपार जाते. त्यामुळे ज्या शेजारी जीवाणूंजवळ कॅटालेज आहे, ते स्वतःच्या बचावासाठी जेव्हा पेरॉक्साइड नष्ट करतात, तेव्हा आसपासचे पाणीही आपोआप शुद्ध होते. प्रयोगशाळेत प्रोक्लोरोकॉकस एकटा वाढविणे कठीण जाते. अशा साहाय्यक जीवाणूंच्या संगतीत तो जोमाने वाढतो. २०१२ साली जेफरी मॉरिस, रिचर्ड लेन्स्की व एरिक झिन्सर यांनी ह्यावरून एक सिद्धांत मांडला. पत्त्यांच्या एका पाश्चात्त्य खेळात इस्पिकची राणी ज्याच्याकडे येते त्याला दंड बसतो. म्हणून प्रत्येक खेळाडू ती टाळू पाहतो. ह्या खेळावरून त्यांनी त्याला ‘काळ्या राणीचा सिद्धांत’ असे नाव दिले. सर्वांना उपयोगी पडणारे पण करणाऱ्याला महाग पडणारे काम जो टाळू शकेल, त्याचा लाभ होतो. मात्र कोणीतरी ते काम करीत राहिले पाहिजे.

पेलॅजिबॅक्टरचीही अशीच स्थिती आहे. समुद्रातील सल्फेट ह्या मुबलक क्षारातून गंधक काढून घेण्याची जनुके त्याच्याजवळ नाहीत. म्हणून सूक्ष्म वनस्पतींनी आधीच तयार करून पाण्यात सोडलेल्या गंधकयुक्त सेंद्रिय द्रव्यांवर तो अवलंबून असतो, हे २००८ साली सिद्ध झाले.

पंढरीच्या वाटेवरील वारकरी आपली शिदोरी बेताचीच बांधतो. मुक्कामाच्या गावी भाकरी मिळेल, पाणी मिळेल, निवारा मिळेल ह्या भरवशावर तो हलका होऊन चालतो व म्हणूनच दूर पोहोचतो. परंतु वाटेवरची गावे ओस पडली, तर त्याच हलक्या शिदोरीने त्याचे हाल होतील. समुद्रातील ह्या जीवाणूंचे जीवन असेच आहे. त्यांचे स्वातंत्र्य शेजाऱ्यांच्या आधारावर उभे आहे.

दुसरी वाट आणि सामुदायिक ठेवा

सर्वच सागरी जीवाणू काटकसरीच्या वाटेने गेले नाहीत. पटकीचा जीवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, हाही मूळचा खाड्यांतील व किनाऱ्यालगतच्या पाण्यातील रहिवासी आहे. २००० साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा त्यात दोन गुणसूत्रे व सुमारे चाळीस लाख अक्षरे आढळली. सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगावर चिकटून राहणे, पाण्यात मोकळे पोहणे, माणसाच्या आतड्यात वाढणे असे अनेक संसार तो करतो. म्हणून त्याला साधनेही अनेक लागतात. कवचावर बसलेला असताना तो आसपासच्या मृत पेशींचे डी. एन. ए. ही आत ओढून घेऊ शकतो, असे २००५ साली दाखविण्यात आले. मोठा ठेवा चांगला की लहान, ह्या प्रश्नाला म्हणून एकच उत्तर नाही. जीव ज्या ठिकाणी व ज्या रीतीने राहतो, त्यावर ते अवलंबून आहे.

प्रोक्लोरोकॉकसच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एकेका पेशीजवळ सुमारे दोन हजार जनुके असली, तरी सर्व वाणांना समान अशी जनुके हजाराच्या आसपासच आहेत. उरलेली वाणागणिक बदलतात. सर्व वाणांची जनुके एकत्र मोजली, तर ती ऐंशी हजारांपर्यंत जातील असा अंदाज आहे. प्रत्येक गावच्या वाचनालयात पुस्तके थोडी असावीत, पण जिल्ह्यातील सर्व वाचनालये मिळून मोठा ग्रंथसंग्रह व्हावा, तसा हा प्रकार आहे. ह्या पुस्तकांची देवघेव करण्याचे काम काही अंशी जीवाणूंना मारणारे विषाणू करतात. ह्यांपैकी कित्येक विषाणूंजवळ प्रकाशसंश्लेषणाची जनुके सापडली आहेत. ती त्यांनी पूर्वी केव्हातरी जीवाणूंकडूनच उचललेली होती. शत्रूच्या हातून ठेव्याची ने-आण व्हावी, हा निसर्गाचा एक विलक्षण व्यवहार म्हणावा लागेल.

तापणारा समुद्र

एकाच प्रकारच्या परिस्थितीशी अचूक जुळवून घेतलेला जीव ती परिस्थिती बदलली की अडचणीत येतो. उष्ण समुद्रात राहणारा प्रोक्लोरोकॉकस समुद्र आणखी तापल्यास अधिकच फोफावेल, असे पूर्वी अनेकांना वाटत असे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही समजूत हलविली. अनेक वर्षे जहाजांवरून प्रत्यक्ष समुद्रातील पेशींचे मापन केल्यावर असे दिसले की, साधारण १९ ते २८ अंश सेल्सिअस तपमानात ह्या पेशींचे विभाजन चांगले चालते. परंतु ३० अंशांच्या पाण्यात तो वेग झपाट्याने घटून एक-तृतीयांशावर येतो. उष्णतेचा ताण सोसण्यास उपयोगी पडणारी जनुके ह्या काटकसरी जीवाने पूर्वीच गमावली असावीत, असे संशोधकांचे मत आहे.

त्याची जागा घेऊ शकेल असा सिनेकोकॉकस हा थोडा मोठा जीवाणू आहे व त्याच्याजवळ ठेवाही अधिक आहे. परंतु त्याला पोषकद्रव्येही अधिक लागतात. निळ्या, निर्धन पाण्यात ती कोठून यावयाची? समुद्रातील अन्नसाखळीचा एक मोठा आधार ह्या इवल्या पेशींवर उभा आहे. त्यांना सूक्ष्म प्राणी खातात, त्या प्राण्यांना लहान मासे व लहान माशांना मोठे मासे. म्हणून एका जीवाणूने काय राखले व काय गमावले हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही. हजारो शतकांत हळूहळू गळून गेलेली जनुके काही दशकांत परत मिळतील की नाही, ह्यावर उष्ण कटिबंधातील समुद्रांचे पुढील भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून राहील.

वर्गातील उपयोग

हा विषय प्राथमिक शाळेत ह्या तपशिलाने शिकवावयाचा नाही, हे उघड आहे. तथापि त्यातील तीन गोष्टी वरच्या इयत्तांतील मुलांना सहज समजावून देता येतील.

पहिली गोष्ट लहान आकाराच्या लाभाची. प्रत्येक बाजू दोन सेंटिमीटर असलेला बटाट्याचा किंवा चिकणमातीचा घन तयार करावा. त्याचे पृष्ठफळ चोवीस चौरस सेंटिमीटर व घनफळ आठ घन सेंटिमीटर भरते. मग त्याचेच एकेक सेंटिमीटरचे आठ घन कापून मुलांकडून पुन्हा हिशेब करवून घ्यावा. घनफळ तेवढेच राहते, पण पृष्ठफळ अठ्ठेचाळीस चौरस सेंटिमीटर होते. गणिताचा व विज्ञानाचा पाठ येथे एकत्र येतो.

दुसरी गोष्ट परिस्थितीप्रमाणे ओझे ठरविण्याची. शाळेच्या सहलीला निघताना कोणत्या वस्तू घ्याव्यात व कोणत्या टाळाव्यात, ह्याची यादी मुलांच्या दोन गटांना करावयास सांगावी. एका गटाची सहल धर्मशाळा, विहीर व दुकान असलेल्या गावी; दुसऱ्याची निर्जन डोंगरावर. दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या, की कोणती यादी चांगली हा प्रश्न जागेचा विचार केल्यावाचून सुटत नाही, हे मुले स्वतःच सांगू लागतील.

तिसरी गोष्ट भिंतीवरील तक्त्याची. उत्क्रांतीचा जिना दाखविणारा तक्ता असेल, तर तो काढून टाकण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या शेजारी अनेक फांद्यांच्या झाडाचे चित्र काढावे. झाडाची प्रत्येक फांदी आजच्या दिवसापर्यंत वाढत आलेली असते. माणूस एका फांदीच्या टोकाशी आहे, आणि समुद्रातील तो न दिसणारा हिरवा ठिपका दुसऱ्या एका फांदीच्या टोकाशी आहे. दोघांनाही येथवर येण्यास सारखाच काळ लागला.